आत शिरण्याची वाट : हिवतापाचा जंतू आणि तांबडी रक्तपेशी

हिवताप आपल्या देशाला नवा नाही. ठरलेल्या दिवशी हुडहुडी भरवून येणारा, घाम फोडून उतरणारा आणि एक दिवस आड करून पुन्हा हजर होणारा हा ताप आपल्या प्राचीन वैद्यांना चांगलाच परिचित होता. तृतीयक आणि चातुर्थिक ही त्यांनी दिलेली नावे. खेड्यापाड्यांतून याच तापाला एकांतरा म्हणत. युरोपात तो दलदलीच्या दूषित हवेमुळे येतो अशी समजूत होती आणि ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ एवढाच आहे. हा रोग अद्याप इतिहासजमा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 या एका वर्षात हिवतापाने सुमारे 5,97,000 माणसे मेली. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील होती, आणि आफ्रिकेतील मृतांपैकी चारांतील तिघे पाच वर्षांखालील मुले होती.

या रोगाच्या शोधाचा इतिहास सांगताना सामान्यतः दोन-तीन नावे घेतली जातात. अल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराने 1880 च्या नोव्हेंबरात अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथे एका सैनिकाच्या रक्तात जिवंत, हलणारा जंतू पाहिला. अल्मोड्यास जन्मलेल्या रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेस डासाच्या पोटात तो जंतू वाढताना पाहिला, आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डासच तो पसरवतो हे दाखवून दिले. इटलीत ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत हेच सिद्ध केले. येथे कथा संपते असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ती येथे जेमतेम अर्धी होते. डासाने जंतू आणून सोडला खरा. परंतु तो जंतू रक्तात नुसता पोहत राहिला असता तर ताप आलाच नसता. ताप येतो तो जंतू तांबड्या रक्तपेशीच्या आत शिरतो, आत वाढतो आणि तिला फोडून बाहेर पडतो म्हणून. मग चहूबाजूंनी बंद असलेल्या या पेशीत तो शिरतो कसा? या एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शंभर वर्षांच्या आसपास काळ गेला. त्या शंभर वर्षांची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभी तर जंतू पेशीच्या आत असतो की बाहेर चिकटलेला असतो, यावरच वाद होता. लाव्हरांचे मत तो पृष्ठभागाला चिकटलेला असतो असे होते. रोममधील मार्कियाफावा आणि चेल्ली तो आतच असतो असे म्हणत. हा वाद रोमच्या पंडितांनी जिंकला. पाव्हियाच्या गोल्जीने 1885-86 च्या सुमारास आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. शरीरातील असंख्य पेशींमधले जंतू एकाच वेळी परिपक्व होतात, त्या पेशी एकाच वेळी फुटतात, आणि तीच हुडहुडी भरण्याची वेळ असते. तृतीयक आणि चातुर्थिक यांचा हिशेब असा जुळला. फाल्सिपेरम जातीच्या जंतूने ग्रासलेली एक पेशी फुटली की साधारणतः सोळा ते बत्तीस नवे जंतू बाहेर पडतात. त्यांना मेरोझॉइट म्हणतात. प्रत्येकाला ताबडतोब नवी पेशी शोधावी लागते, कारण रक्तात उघड्यावर तो काही मिनिटांपलीकडे निभाव धरू शकत नाही.

येथे तांबड्या पेशीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. शरीरातील पांढऱ्या पेशी समोर आलेला जंतू गिळू शकतात. त्यांच्यात शिरणाऱ्या जंतूला नुसते गिळले जाण्याची वाट पाहिली तरी पुरते. तांबडी पेशी गिळत नाही. मिलिमीटरच्या सात-आठ हजारांश व्यासाची, केंद्रक नसलेली, रक्तरंगाने भरलेली ती एक लवचिक पिशवी आहे. तिच्यात जो जाईल त्याने स्वतःच्या बळाने आणि स्वतःच्या युक्तीने गेले पाहिजे. आणि पिशवी फाटता कामा नये, कारण ती फाटली तर आत राहायचे घरच नाहीसे होईल.

या प्रश्नाला आरंभीच एक विचित्र वळण मिळाले. 1903 साली फ्रिट्झ शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञाने असे जाहीर केले की, डासाच्या लाळेतून येणारा सुईसारखा जंतू, म्हणजे स्पोरोझॉइट, सरळ तांबड्या पेशीत घुसताना आपण डोळ्यांनी पाहिला आहे. शाउडिन हा सामान्य माणूस नव्हता. दोनच वर्षांनी त्याने हॉफमनच्या साहाय्याने उपदंशाचा जंतू शोधून काढला. एवढ्या मोठ्या माणसाने पाहिले म्हटल्यावर शंका कोण घेणार? पुष्कळांनी तो प्रयोग करून पाहिला आणि कोणालाच तसे दिसले नाही. तरीही पाठ्यपुस्तकांतून शाउडिनचे विधान चाळीस वर्षे हलले नाही. डास चावल्यानंतर आठदहा दिवस रक्तात जंतू का दिसत नाही, या रोजच्या अनुभवाशी ते विधान जुळत नव्हते. अखेर 1948 साली लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवले की डासाने सोडलेला जंतू प्रथम यकृताच्या पेशीत जातो, तेथे वाढतो आणि मगच रक्तात उतरतो. यांपैकी शॉर्ट यांचा जन्म पंजाबातला आणि त्यांची उमेदीची पुष्कळ वर्षे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत गेली होती. तात्पर्य, एकाच जंतूला दोन निरनिराळ्या पेशींत शिरावे लागते, आणि दोन्ही वेळी त्याचे रूप वेगळे असते, हे त्या वर्षी पक्के झाले.

परंतु शिरण्याची युक्ती कोणती, याचा मागमूस अजून लागला नव्हता. तो लागला अगदी अनपेक्षित ठिकाणाहून, आणि तेथपर्यंतचा मार्ग फारसा अभिमानास्पद नाही. व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेगने 1917 साली उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रोग्यांना मुद्दाम हिवताप देऊन बरे करण्याचा उपाय काढला. तीव्र तापाने उपदंशाचा जंतू मरतो, असे त्यामागचे धोरण होते. पेनिसिलिन यायच्या अगोदरच्या त्या काळात या उपायाला 1927 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील मनोरुग्णालयांतूनही तो सुरू झाला. तेथे डॉक्टरांच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. गोऱ्या रोग्यांना व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप सहज देता येई. कृष्णवर्णीय रोग्यांपैकी बहुतेकांना तो काही केल्या लागत नसे. फ्लोरिडातील बॉइड आणि स्ट्रॅटमन-थॉमस यांनी 1933 साली हे पद्धतशीर नोंदवले. 1955 साली यंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा ताडून पाहिले. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्यांना कोणी विचारले होते, हा प्रश्न त्या काळी क्वचितच निघे. आणि निष्कर्ष काय काढला गेला? हा वंशाचा गुण आहे, एवढाच. वंश म्हटले की त्या काळी पुष्कळांचे समाधान होई. त्याच्या पुढे जाऊन, हा गुण शरीरात नेमका कोठे राहतो, असे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही.

दरम्यान दुसरीकडे, हिवतापाशी ज्यांचा काही संबंध नव्हता असे लोक वेगळ्याच कामात गुंतले होते. वारंवार रक्त द्याव्या लागलेल्या रोग्यांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशाच एका रोग्याच्या रक्तातून 1950 साली मेरी कटबुश, मॉलिसन आणि पार्किन यांनी एक नवा रक्तगट ओळखला, आणि त्या रोग्याच्या आडनावावरून त्याला ‘डफी’ असे नाव पडले. पाच वर्षांनी सँगर, रेस आणि जॅक यांनी न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांचे रक्त तपासले तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या पेशींवर डफीचे दोन्हीपैकी एकही चिन्ह नाही असे आढळले. युरोपीयांत असे रक्त जवळजवळ सापडत नव्हते. हे जाहीर झाले 1955 साली, आणि यंगचे प्रयोगही त्याच वर्षीचे. दोन्ही निबंध ग्रंथालयांत होते. त्यांना एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यास आणखी वीस वर्षे लागली.

हे काम अमेरिकेतील लुई मिलर याने केले, आणि त्यासाठी त्याला कलकत्त्याच्या एका जंतूची मदत झाली. व्हायव्हॅक्सचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे फार अवघड. परंतु 1932 साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नोल्स आणि दास गुप्ता यांनी माकडाच्या रक्तातील एका जंतूचा अभ्यास केला होता आणि तो माणसालाही लागतो हे दाखवले होते. नोल्सच्याच नावावरून त्याला नोलेसी म्हणतात. हा जंतू परीक्षानळीत माणसाच्या तांबड्या पेशींत शिरतो. मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या दुर्मिळ रक्तगटांच्या पेशी त्याच्यापुढे ठेवल्या. डफीचे चिन्ह असलेल्या पेशींत तो शिरला. चिन्ह नसलेल्या पेशींत शिरला नाही. मग चिन्ह असलेल्याच पेशी घेऊन ते चिन्ह पाचक रसाने काढून टाकले किंवा प्रतिपिंडाने झाकून टाकले, तेव्हा त्याही पेशींत जंतूचा शिरकाव पुष्कळ कमी झाला. हे 1975 साली प्रसिद्ध झाले.

पुढच्या वर्षी त्यांनी माणसांकडे पाहिले. पूर्वीच्या प्रयोगांत व्हायव्हॅक्सवाहक डास चावून घेतलेल्या 17 स्वयंसेवकांचे रक्त त्यांनी तपासले. त्यांतले 11 कृष्णवर्णीय आणि 6 गोरे होते. ज्यांना ताप आला नव्हता असे फक्त पाचजण निघाले, आणि ते पाचही डफीचे चिन्ह नसलेले कृष्णवर्णीय होते. उरलेल्या सहा कृष्णवर्णीयांच्या पेशींवर ते चिन्ह होते आणि त्या सहांनाही गोऱ्यांप्रमाणेच ताप आला होता.

या सहाजणांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. वंश हेच कारण असते तर हे सहाजणही सुटावयास हवे होते. चाळीस वर्षे ज्याला वंशाचा गुण म्हटले गेले तो रक्तपेशीवरच्या एका प्रथिनाचा अभाव होता. पुढे 1995 साली असे कळले की, जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागातील एका अक्षराच्या फरकामुळे तांबडी पेशी ते प्रथिन बनवीत नाही. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेकांत हा फरक असतो, म्हणून तेथे व्हायव्हॅक्स फारच थोडा. आपल्याकडे तो क्वचित, म्हणून आपल्याकडे व्हायव्हॅक्स भरपूर. कातडीचा रंग आणि हा गुण एका प्रदेशात शेजारी शेजारी राहत होते, एवढेच. शेजाऱ्याला कारण समजण्याची चूक शास्त्रातही होते.

डफीचे प्रथिन पेशीने जंतूसाठी उभे केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पांढऱ्या पेशींना हाक देणारे शरीरातील काही रासायनिक निरोप ते धरून ठेवते, हे 1993 साली समजले. जंतूने या खुंटीचा स्वतःसाठी उपयोग करून घेतला. आपल्या इतिहासात तट न पाडता फितुरीने पडलेल्या किल्ल्यांच्या हकीकती आहेत. परंतु येथे फितुरी म्हणणेही अन्यायाचे होईल. दरवाजावरच्या कडीने आपले रोजचे काम केले. तिला धरून आत येण्याची कला मात्र शत्रूने साधली.

मग प्रत्यक्ष शिरकाव होतो कसा? ड्व्होराक, मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्येच नोलेसीचा शिरकाव सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केला. मेरोझॉइट प्रथम कोणत्याही बाजूने पेशीला टेकतो. तो टेकताच पेशीच्या पृष्ठभागावर लाटा उठतात, जणू पेशी शहारते. मग तो वळून आपले निमुळते टोक पेशीकडे करतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर आत जातो. डफीचे चिन्ह नसलेल्या पेशीशीही तो टेकतो, तिलाही शहारे येतात. परंतु तेथून पुढे काही होत नाही. जंतू तसाच मागे सुटतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून 1978 साली याचे कारण दिसले. जंतू आणि पेशी यांच्यामध्ये एक घट्ट वर्तुळाकार सांधा तयार होतो, आणि जंतू आत सरकतो तसा तो सांधा त्याच्या अंगावरून कड्यासारखा मागे सरकत जातो. डफीचे चिन्ह नसेल तर हा सांधाच जुळत नाही.

आता या सांध्यातील प्रथिने ओळखीची झाली आहेत. पहिल्या टेकण्यात जंतूच्या अंगभर पसरलेली प्रथिने भाग घेतात. टोक वळल्यावर दुसरी प्रथिने पुढे येतात. ती जंतूच्या टोकाशी असलेल्या लहान पिशव्यांत तोपर्यंत दडलेली असतात. व्हायव्हॅक्सचे डफीला धरणारे प्रथिन त्यांपैकीच. आणि सांध्याची रचना तर थक्क करणारी आहे. जंतू आपल्या पिशवीतील एक प्रथिन पेशीच्या आवरणात रोवतो आणि मग स्वतःच्या अंगावरील दुसऱ्या प्रथिनाने त्यालाच धरतो. म्हणजे आधी दुसऱ्याच्या भिंतीत आपलीच खुंटी ठोकायची आणि मग तिला धरून आत ओढून घ्यायचे. ओढण्याचे बळही जंतूच्या स्वतःच्या शरीरातील यंत्रणेचे असते. आत जाताना पेशीचे आवरण त्याच्याभोवती लपेटले जाते, म्हणून पिशवी फाटत नाही.

फाल्सिपेरम या घातक जातीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. न्यूयॉर्कमध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 साली हा जंतू माणसाच्या रक्तात, जळत्या मेणबत्तीने हवेतला प्राणवायू कमी केलेल्या काचपात्रात, अखंड वाढवून दाखवला, आणि त्यानंतर त्याच्या अभ्यासाला वेग आला. त्याच्यापाशी एक नव्हे, अनेक किल्ल्या निघाल्या. तांबड्या पेशीवरील ग्लायकोफोरिन नावाच्या प्रथिनांना धरणारे एक प्रथिन 1985 साली सापडले; परंतु एक वाट बंद केली तर पुष्कळदा जंतू दुसरी धरतो, असे दिसू लागले. 2011 साली केंब्रिजजवळील सँगर संस्थेतील संशोधकांनी मात्र अशी एक जोडी शोधली की तिच्यावाचून तपासलेल्या एकाही वाणाचे चालेना. जंतूकडील त्या प्रथिनाला आरएच5 म्हणतात, आणि पेशीकडील प्रथिनाला बॅसिजिन.

व्हायव्हॅक्सनेही आपण वाटलो तितके सरळ नाही हे दाखवले. 2010 साली मादागास्करमधून वृत्त आले की, डफीचे चिन्ह नसलेल्या माणसांनाही तेथे व्हायव्हॅक्सचा ताप आलेला आढळला आहे. त्या बेटावर डफी असलेले आणि नसलेले लोक पिढ्यान्पिढ्या एकत्र राहत आले आहेत, म्हणजे बंद दरवाजापुढे वारंवार प्रयत्न करण्याची संधी जंतूला मिळत राहिली. 1976 चा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही; पण तो कायमचा करार नव्हता एवढे खरे.

या सर्व ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जंतू पेशीच्या आत असला म्हणजे प्रतिपिंडांच्या दृष्टीआड असतो. पण आत जाण्यासाठी त्याला आपली प्रथिने उघडी करावीच लागतात, आणि प्रतिपिंडांना गाठ घालण्याची हीच वेळ असते. लसीची सारी खटपट या क्षणासाठी आहे. रूथ नुसेनझ्वाइग हिने 1967 साली किरणांनी दुबळे केलेले स्पोरोझॉइट टोचून उंदरांना हिवतापापासून वाचवले. त्यांच्या अंगावरील मुख्य प्रथिनाचे जनुक 1984 साली हाती लागले. त्या प्रथिनाच्या तुकड्यावर बांधलेल्या आरटीएस,एस या लसीला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या ऑक्टोबरात, आणि आर21 या दुसऱ्या लसीला 2023 च्या ऑक्टोबरात मान्यतेची शिफारस दिली. पहिल्या शोधापासून पहिल्या शिफारशीपर्यंत चोपन्न वर्षे गेली. आर21 ऑक्सफर्डला तयार झाली असली तरी तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. आफ्रिकेतील मुलांना टोचल्या जाणाऱ्या त्या कुप्या आपल्या गावातून जातात.

या दोन्ही लसी जंतूला यकृताच्या दाराशी अडवतात. रक्तपेशीच्या दाराशी अडवणे अधिक कठीण ठरले आहे. सांध्यातील एका प्रथिनावर बनवलेली लस मालीमधील मुलांत तपासली गेली. लसीत जो वाण होता त्याविरुद्ध तिने सुमारे 64 टक्के संरक्षण दिले, परंतु गावात फिरणाऱ्या इतर अनेक वाणांपुढे ती तोकडी पडली. डफीला धरणाऱ्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग धरण्याचे काम करतो, हे 1994 साली चेतन चिटणीस यांनी मिलर यांच्याबरोबर दाखवले. पुढे दिल्लीस येऊन त्यांनी त्याच भागाची लस घडवली, आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत तिने रक्तातील जंतूंची वाढ सुमारे निम्म्याने कमी केली. निम्मे म्हणजे पुरेसे नव्हे. आणि आज शिफारस झालेल्या दोन्ही लसी फाल्सिपेरमसाठी आहेत. व्हायव्हॅक्ससाठी तशी एकही नाही, ही गोष्ट आपल्या देशाने विसरू नये.

या इतिहासातून आम्हांस एक बोध विशेष घेण्यासारखा वाटतो. सत्तर वर्षे शास्त्रज्ञ जंतूकडे आणि रोग्याकडे पाहत होते. वाट सापडली ती ज्याला रोग झाला नाही त्याच्याकडे पाहिल्यावर. डफी गट शोधणाऱ्यांतील त्याच मेरी कटबुश यांनी लेमान यांच्यासह 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा दोष नोंदवला, आणि दोनच वर्षांनी ॲलिसन याने आफ्रिकेत दाखवले की तो दोष एकाच बाजूने आलेल्या माणसांना हिवतापापासून काहीसा बचाव मिळतो. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे हाच दोष अनेक आदिवासी व इतर कुटुंबांत आहे. तेथेही जातीचे नाव घेऊन थांबण्याचा मोह होतो. तो टाळून, कोणत्या माणसाच्या रक्तात काय आहे आणि काय नाही हे एकेकाचे तपासणे, आणि ज्यांच्या रक्तातून ज्ञान मिळाले त्यांच्या मुलांपर्यंत त्याचे फळ पोचवणे, ही दोन्ही कामे शिल्लक आहेत. पहिले शास्त्रज्ञांचे आहे. दुसरे केवळ त्यांचे नाही.